जोडीनं दिलेलं वाण

आणल्या तेव्हा तीन माद्या होत्या, नर एकही नव्हता, आणि तरी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत सात बाळंतपणं उरकली होती.

मासे आणले होते ओवीच्या जेवणासाठी. म्हणजे खायला नव्हे, दाखवायला. अडीच वर्षांची ही बया घास गालात धरून अर्धा अर्धा तास बसायची. चिऊ दाखवून झाली, काऊ दाखवून झाला, जयपूरला बदली झाल्यावर मोर दाखवून झाला. मोराला तर ती दोन दिवसांत विटली. मग विनयानं चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, एका दुकानातून हातभर लांबीची काचेची टाकी आणि तीन गप्पी मासे आणले. "तीनों मादा हैं बहनजी," दुकानदार म्हणाला होता, "बच्चों का झंझट ही नहीं." विनयाला ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

तिसऱ्या आठवड्यात टाकीत डोळे पोहायला लागले. नुसते डोळे, आणि त्यामागे केसाएवढी शेपटी. विनया किंचाळली, ओवीनं दचकून गालातला घास गिळला आणि शशिकांत तोंडातल्या ब्रशसकट धावत आला. तो रेल्वेच्या सिग्नल खात्यात. त्यानं वाकून पिल्लांकडे पाहिलं, मग तिन्ही माद्यांकडे पाहिलं आणि तोंडातला फेस सांभाळत म्हणाला, "सिग्नल नसताना गाडी आत आली कशी?"

"अहो, हसताय काय! त्या माणसानं फसवलं मला."

"फसवलं कसं? तीन सांगितले आणि वीस जास्तीचे दिले."

त्यातून दुपारपर्यंत कळलं की या आया आपलीच पिल्लं मटकावतात. मग विनया डाव घेऊन बसली आणि एकेक डोळा उचलून ओवीच्या आंघोळीच्या टबात नेऊन सोडला. ओवीची आंघोळ त्या दिवसापासून बादलीत. इथलं बोअरचं पाणी खारं. त्यात तूरडाळ शिजेना, साबणाला फेस येईना, विनयाचे केस मुठीनं गळत होते. मासे मात्र त्याच पाण्यात असे फोफावले की बघत राहावं. जानेवारी लागला तेव्हा टबातली थोरली पोरं वयात आली होती. निम्म्यांच्या शेपट्यांना केशरी, निळे, जांभळे रंग फुटले, हे नर. उरलेल्या साध्या, करड्या, पोटानं गोल. सकाळी ओवीला भरवताना विनया मोजायला बसायची आणि सत्तेचाळीसच्या पुढे तिचा हिशेब दर वेळी पाण्यात जायचा.

एवढ्या गोतावळ्यात एकटी होती ती विनयाच. खातीपुऱ्याकडच्या या रेल्वे क्वार्टर्समध्ये येऊन आठ महिने झाले होते. आणखी सहा मराठी घरं होती, पण जिन्यात भेट झाली की "झालं का जेवण?" "झालं, तुमचं?" "झालं," एवढ्यावर गाडी थांबायची. तिला एक मैत्रीण हवी होती. एकच. अर्धी वाटी साखरेचं निमित्त न काढता जिच्याकडे जाऊन बसता येईल अशी. आणि खरं सांगायचं तर ती तिनं मनातल्या मनात निवडूनही ठेवली होती. समोरच्या दारातली सुवर्णा वानखडे. शाळेत शिकवायची, अडीचला घरी यायची आणि घरात कशावर तरी इतकं मोठ्यानं हसायची की इकडे विनयाच्या हातातली पोळी थांबायची. काय झालं असेल एवढं? आपल्यालाही सांगा की कुणीतरी!

संक्रांत चार दिवसांवर आली तसं विनयानं ठरवलं, हळदीकुंकू करायचं. सगळ्यांना घरी बोलवायचं. आणि वाण? मागच्या वर्षी इथे म्हणे सगळ्यांनी स्टीलच्या वाट्या वाटल्या होत्या, प्रत्येकीकडे पाच-पाच. विनया टबाजवळ उभी राहिली. टबातून सत्तेचाळीस अधिक कितीतरी जीव तिच्याकडे बघत होते.

"अहो," ती ओरडली, "मला वाण सुचलं!"

सवाष्णीला द्यायचं ते जोडीनं, हे तिला लहानपणापासून पाठ. म्हणून तिनं बरण्या धुतल्या, प्रत्येकीत एक रंगीत नर आणि एक गोलमटोल मादी सोडली, तोंडाला मलमल आणि लाल दोरा बांधला. पाच बरण्या, पाच नवरा-बायको. थंडीचा कडाका म्हणून बरणी फ्रिजवर उबेला ठेवायची, हेही चिठ्ठीवर लिहिलं. मुलीचं लग्न लावावं तसं तिला झालं होतं.

सहावी बरणी मात्र रिकामीच राहिली. वानखड्यांच्या उघड्या दारातून आत बुद्धाची मूर्ती दिसायची, बाबासाहेबांचा फोटो दिसायचा. हळदीकुंकवाला बोलवलं तर सुवर्णाताईंना कसंसं वाटेल का? आणि नाही बोलवलं तर त्याहून जास्त? विनयाच्या माहेरी, कराडला, हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. बोलावणं आळीत फिरायचं आणि आळीत कोण हे आधीच ठरलेलं असायचं. ती दोनदा समोरच्या दारापर्यंत गेली. दोनदा बेलपर्यंत बोट नेलं. दोनदा परत आली आणि उगाच ओवीवर डाफरली.

हळदीकुंकू असं रंगलं की काय सांगावं. गच्चीगच्चीवरून "वो काटा!" चे आवाज, खिडकीत अडकलेला कुणाचा तरी गुलाबी पतंग, आणि घरात पाच जणी. त्यांतल्या ज्येष्ठ विमलकाकू, शशिकांतच्या साहेबांच्या पत्नी, कॉलनीतलं कुठलंही शुभकार्य त्यांच्या होकाराशिवाय शुभ होत नसे. कलावतीबाई सोलापूरच्या, गार्डसाहेबांच्या घरच्या, बोलल्या की तिसऱ्या मजल्यावरचे लोक उत्तर द्यायचे. मयूरी नवी नवरी, तिची ही पहिलीच संक्रांत. आणखी दोघी. बरण्या बघितल्या आणि सगळ्या शाळकरी मुली झाल्या.

"अय्या, शेपटी बघा!"

"माझ्यातला निळा आहे की हो!"

"आता नाव घे," विमलकाकूंनी फर्मावलं. विनयानं बरणी उचलली आणि जुळवलं,

"काचेच्या बरणीत पोहते मासोळीची जोडी,
शशिकांतरावांचं नाव घेते, संक्रांतीची गोडी."

टाळ्या पडल्या. "गुणाची आहे हो," काकू म्हणाल्या. त्या रात्री विनया झोपेतही हसत होती, असं शशिकांतनं सकाळी सांगितलं.

चौथ्या दिवशी, दोन वाजायच्या सुमाराला, दार धाडधाड वाजलं.

"हे घ्या तुमचे जावई!" कलावतीबाईंनी बरणी टेबलावर आपटली. "अहो, वाण दिलंत का शिक्षा? हा मेला तिला क्षणभर बसू देत नाही. पुढून आला, मागून आला, शेपूट पसरून उभा, जसा काय वरातीतला बँडवाला! खायला टाकलं तर ती खाण्याच्या मागं, हा तिच्या मागं आणि मी चमचा घेऊन दोघांच्या मागं. तीन दिवस माझी भाकरी करपतेय."

विनया काही बोलणार तोच विमलकाकू जिना चढून आल्या. पदराखाली बरणी. "हिची शेपटी बघ," त्या धापा टाकत म्हणाल्या, "पार चिंध्या. देवघरासमोर ठेवली होती गं मी. जपाला बसले की समोर हा तमाशा. माळ चार वेळा पहिल्यापासून सुरू केली."

त्यांच्या मागे मयूरी, डोळे सुजलेले. तिची मादी तर बरणीच्या बुडाशी कलंडून नुसती कल्ले हलवत होती. "सासूबाईंना फोनवर सांगितलं," तिनं नाक पुसलं, "तर म्हणाल्या, पहिल्या संक्रांतीच्या वाणाला असं होणं बरं नाही. ताई, ही मेली तर?"

मेली तर! बरणीत एक मासा मरेल आणि त्याबरोबर आपली इथली ओळखपाळखही कायमची आटोपेल. या गावात आणखी तीन वर्षं काढायची, आणि जिन्यातलं "झालं का जेवण?" सुद्धा बंद होणार. बायका आपल्या पाठीमागे म्हणणार, तीच ना ती, मरकं वाण वाटणारी.

"आई, मछली रोती है?" ओवीनं बरणीला नाक लावलं.

"रडत नाही गं. दमलीय," विनया म्हणाली आणि स्वतःच रडायच्या बेतात आली.

तेवढ्यात जिना चढून कुणीतरी दारात येऊन थांबलं. सुवर्णा. खांद्याला शाळेची पिशवी, बोटांना खडू. "काय झालं? आवाज खालपर्यंत येतो आहे." तिनं टेबलावरच्या बरण्या पाहिल्या. थांबली. पिशवीसकट वाकली. "हे गप्पी ना? आणि हे असे दोन-दोन कुणी लावले?"

सगळ्यांनी विनयाकडे पाहिलं.

"सवाष्णींना जोडीनं द्यायचं असतं," विनया पुटपुटली, "म्हणून मी..."

सुवर्णानं ओठ घट्ट दाबले. नाकपुड्या थरथरल्या. मग ते भिंतीपलीकडचं हसू असं उसळलं की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "अवं माय! जोड्या लावल्या! गप्प्यांच्या! मंगळसूत्र तेवढं राहिलं!"

"हसताय काय?" कलावतीबाई फणकारल्या. "तुम्हाला काय कळतंय का यातलं?"

"माझे बाबा मलेरिया खात्यात होते, अकोल्याला. सायकलला डबा, डब्यात गप्पी. दिसलं डबकं की सोडायचे, डासांच्या अळ्या खायला. घरी मातीच्या मोठ्या नांदीत पाळलेले असायचे, आम्ही बहिणी त्यांच्यावरच मोठ्या झालो." तिनं मयूरीची बरणी उजेडात धरली. "हे बघा, याला दिवसभर दुसरं कामच नाही. एकच मादी दिली तर तिच्याच मागे लागून तिला जगू देत नाही. एका नराला तीन माद्या द्यायच्या. मग त्याचं लक्ष वाटलं जातं आणि त्यांना श्वास घ्यायला सवड मिळते."

सगळ्यांच्या माना बरण्यांकडे वळल्या.

"एकाला तीन?" विमलकाकू म्हणाल्या.

"कमीत कमी."

"संक्रांतीच्या वाणात?"

"काकू, हळू बोला," कलावतीबाईंनी दाराकडे बघितलं, "कुणी साहेब ऐकतील आणि म्हणतील, आम्हालाही दमायला होतं."

आधी मयूरी फुटली. रडता रडताच नाकातून फुर्रकन हसली, आणि मग कुणाला थांबवायची सोयच राहिली नाही. काकूंनी पदराचा बोळा तोंडात घातला, तरी खांदे गदगदत होते.

"पण माझ्या देवघरासमोर असलं चालायचं नाही हं," त्या सावरून म्हणाल्या.

"मग तुम्ही नुसत्या माद्या न्या. त्या आपापसात गुण्यागोविंदानं राहतात. माहेरी आलेल्या बहिणींसारख्या."

"आणि नुसते नर?"

"तेही राहतात. समोर बाई नसली की निम्मा जोर उतरतो. एकमेकांना शेपट्या दाखवत मिरवतात नुसते."

"म्हणजे आमच्या यांची रनिंग रूम!" कलावतीबाईंनी टाळी दिली. गार्डसाहेब आठवड्यातले तीन दिवस ड्रायव्हर-गार्डांच्या त्या मुक्कामाच्या खोल्यांत काढायचे, जिथं बाईमाणूस औषधालाही नाही. "अगदी बरोबर. परवा आले तर म्हणे, पाठकांनी नवा मफलर घेतला, म्हणून मलाही पाहिजे."

विनयाला राहवलं नाही. "पण मला एक सांगा, मी तर तीन माद्याच आणल्या होत्या. मग पहिली पिल्लं कुठून आली?"

"दुकानात नर भेटला असेल की. एकदा भेटला की मादी त्याचं सगळं साठवून ठेवते. पुढे कित्येक महिने त्याच्याशिवाय पिल्लं होत राहतात."

कलावतीबाई विचारात पडल्या. "म्हणजे एकदा भेटला की मग सहा-सहा महिने तोंड बघायला नको?"

"नको."

"हे लई बेस आहे की हो!"

मग काय विचारता. सुवर्णानं पिशवी कोपऱ्यात टाकली, बाह्या वर सारल्या आणि ओट्याचा ताबा घेतला. "या लोणच्याच्या बरण्या आधी बाद. घरी जाऊन मोठं काही आणा, घमेलं, टब, काहीही. आणि चहाची गाळणी." बायका जिन्यानं धावल्या. एरवी गुडघे धरून चढणाऱ्या काकू भल्यामोठ्या पातेल्यासकट सगळ्यांत आधी परतल्या. उरलेल्या दोघीही आवाज ऐकून आपापल्या बरण्या घेऊन हजर झाल्या. म्हणाल्या, आम्ही लाजेनं गप्प होतो. फरशीवर पाणी, पाण्यात ओवी, ओवीच्या हातात परात. "तो पकडा, तो निळा!" "अहो, ती मादी आहे, मानानं उचला!" "सटकला मेला!" एक नर गाळणीतून उसळून थेट काकूंच्या मांडीवर पडला आणि काकू "अगं बाई, परपुरुष!" म्हणून अशा ओरडल्या की खालचे शर्माजी विचारायला आले, सब ठीक है ना, भाभीजी?

मयूरीच्या दमलेल्या मादीला सुवर्णानं वेगळं ठेवलं, एका वाडग्यात, खिडकीतल्या मनीप्लांटची मुळं सोडून. "लपायला जागा पाहिजे तिला. कुणाच्या नजरेत नाही असं थोडा वेळ राहू द्या." पाऊण तासानं ती मुळांतून बाहेर आली, वाडग्याला एक फेरी मारली आणि ओवीनं टाकलेला कण गपकन गिळला. मयूरीनं विनयाला मिठी मारली, मग सुवर्णाला, मग घाईघाईत काकूंच्या पातेल्यालाही.

साडेचारला सगळ्या पांगल्या. काकूंकडे पाच बहिणी गेल्या, कलावतीबाईंकडे एक नर आणि तीन बायका, ("आमच्या घरात काय ते उघड!") मयूरीकडे दोन मिरवणारे बाप्ये, आणि आपली मादी बरी झाली की त्यांना परत देऊन मैत्रिणींसकट तिला न्यायचं, असा करार. जाताना कलावतीबाई दारात वळल्या. "उद्या चहाला येते हं विनया. बघायला, की तुझ्याकडचे कसे आहेत."

सुवर्णानं हात पुसले, पिशवी उचलली. "येते विनयाताई."

ते 'ताई' विनयाला लागलं. इतकी हसली, इतकी भिजली, आणि जाताना पुन्हा जिन्यातल्यासारखी. आता गेली तर गेली. विनयाला वाटलं, आपण मासा पकडतोय आणि गाळणी हातात नाही.

"मी आले होते," ती एकदम म्हणाली. "तुम्हाला बोलवायला. दोनदा. दारापर्यंत."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"दाराला भिंग नाही का? मी आतून बघत होते." सुवर्णाच्या गालाला खळी पडत होती आणि ती पडू द्यायची नाही असा तिचा प्रयत्न होता. "म्हटलं आता वाजवेल, आता वाजवेल. बोट बेलपर्यंत आलं की माझाही श्वास अडकायचा. दोनदा अडकवला."

"मग उघडलं का नाही?"

"मले काय माहीत, बोलवायला आली का नुसते पाय मोकळे करायला?"

"मला कळत नव्हतं," विनयाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही, "की तुमच्याकडे चालतं का. कुंकू. बोलवलं तर वाईट वाटेल का. मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं."

सुवर्णानं पिशवी खाली ठेवली. "आम्ही हळदीकुंकू करत नाही. मी लावूनही घेतलं नसतं. पण हे दारात येऊन विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, नाही का?" ती क्षणभर गंभीर झाली. "पाच बरण्या माझ्या दारासमोरून गेल्या, विनया. पाचही मी मोजल्या. हसू नाही आलं मला त्या दिवशी."

विनयानं जाऊन तिळगुळाचा अख्खा डबा आणला आणि तसाच पुढे केला.

"एवढा?"

"एवढा. आणि मासे. तुला हवे ते. हवे तेवढे." 'तुला' म्हणून गेली आणि तिची तीच लाजली.

सुवर्णानं एक लाडू तोंडात टाकला, टाकीवर वाकली आणि भाजी निवडावी तशी डोळे बारीक करून बघू लागली. "ही. ही जाडी. दुकानातून आणलेल्यांपैकी आहे ना? पोट बघ कसं चौकोनी झालंय. आजच होतील. टबातली पोरं बादलीत काढून टब आण, माझ्याकडे शांत आहे. आणि चल, तूही चल, एकटीनं काय बघायचं!"

सहा वाजता शशिकांत डबा हलवत जिना चढून आला तर स्वतःचं दार सताड उघडं, फरशीवर तळं आणि घरात कुणी नाही. समोरचंही दार उघडं. आत टबाभोवती विनया आणि सुवर्णा फरशीवर पालथ्या, हनुवट्या हातांवर, मध्ये ओवी, तीही पालथी.

"विनया?"

"शूऽऽ!" तिघी एकदम. "बारावं येतंय."

"मी आत..."

"पुरुषांचं काय काम आहे इथे?" सुवर्णा मान न वळवता म्हणाली. "तिळगूळ घ्या आणि बाहेर बसा."

शशिकांत तिळगुळाचा डबा घेऊन पायरीवर बसला. थोड्या वेळानं वानखडे ऑफिसातून आले, आपल्या दारात थबकले, आत डोकावले, त्यांनाही "शूऽऽ" मिळालं. ते गुपचूप खाली बसले. शशिकांतनं लाडू पुढे केला.

"किती झाली?" वानखड्यांनी कुजबुजत विचारलं.

"चौदा," शशिकांत म्हणाला. "दोघी सुखरूप आहेत."

आतून हसण्याचा असा गडगडाट झाला की पंधरावं त्या गोंधळातच जन्माला आलं असणार. "ए, माझी मोजणी चुकली!" विनया ओरडली. "तुझ्यामुळे, सुवर्णे, तुझ्यामुळे!"